‘हिंदू’ हाफबॅक : विल्मेथ सिदत-सिंग आणि वर्णभेदी अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल

प्रास्ताविक

२३ ऑक्टोबर १९३७ रोजी बाल्टिमोर येथे सिराक्यूज आणि मेरीलँड या दोन विद्यापीठांच्या संघांत अमेरिकी फुटबॉलचा सामना झाला. मेरीलँडने तो १३-० असा जिंकला. अमेरिकेत दर शनिवारी खेळल्या जाणाऱ्या असंख्य सामन्यांपैकी हा एक. निकालाच्या दृष्टीने त्याची नोंद कोणी ठेवली नसती तरी फारसे बिघडले नसते. परंतु त्या दिवशी सिराक्यूजचा एक खेळाडू, संघातील सर्वांत समर्थ ‘फेकणारा’, अंगात कुवत असताना आणि कोणतीही दुखापत नसताना मैदानाबाहेर बसून होता. त्याचे नाव विल्मेथ सिदत-सिंग. आदल्या दिवसापर्यंत वृत्तपत्रे त्याला ‘हिंदू’ म्हणत होती. त्या दिवशी तो ‘निग्रो’ असल्याचे उघड झाले आणि तेवढ्या कारणास्तव त्याला खेळू देण्यात आले नाही.

अमेरिकेतील वंशभेदाचा विचार करताना आपण सामान्यतः गोरे आणि काळे अशी दोन टोके डोळ्यांपुढे ठेवतो. सिदत-सिंगची अल्पायुषी कारकीर्द या दोहोंमधील एका विचित्र पट्ट्यावर प्रकाश टाकते, आणि त्या पट्ट्याला ‘हिंदू’ असे नाव होते. या प्रकरणाविषयी इंग्रजीत जे लेखन झाले त्यात पुष्कळदा ‘त्याने स्वतःला हिंदू म्हणून खपविले’ असे सुचविले जाते. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. लपविण्याचे काम त्याने केले नव्हते. ते इतरांनी, आपल्या सोयीसाठी, त्याच्या नावाच्या आडोशाने केले होते. हा भेद वरवर किरकोळ वाटला तरी संपूर्ण प्रकरणाचा अर्थ त्यावर अवलंबून आहे.

नाव आणि कुळ

विल्मेथचा जन्म १९१८ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला. त्याचे वडील इलायस वेब हे औषधविक्रीच्या व्यवसायात होते, आई पॉलीन. दोघेही कृष्णवर्णीय. विल्मेथ लहान असतानाच वडिलांचा मृत्यू झाला. पुढे पॉलीन यांनी सॅम्युएल सिदत-सिंग यांच्याशी विवाह केला. सॅम्युएल हे भारतीय वंशाचे, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे त्या काळातील अग्रगण्य केंद्र, ही बाब येथे ध्यानात ठेवावी. विवाहानंतर सॅम्युएल यांनी विल्मेथला दत्तक घेतले, आपले आडनाव दिले आणि कुटुंब न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीत आले. तेथे डॉ. सिदत-सिंग यांनी आपला दवाखाना थाटला.

दत्तकविधानाने मिळालेले नाव हे खरे नाव असते, हे भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको. आपल्याकडे दत्तकाने गोत्र आणि घराण्याचे नाव बदलते. त्यास कोणी तोतयेगिरी म्हणत नाही. विल्मेथ ज्या घरात वाढला त्या घराचे नाव सिदत-सिंग होते. आणि ते घरही काही जगावेगळे नव्हते. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या हार्लेममध्ये बंगालच्या किनाऱ्यावरून आलेले अनेक मुसलमान खलाशी स्थायिक झाले होते. त्यांनी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोच्या स्त्रियांशी संसार थाटले होते. विवेक बाल्ड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या विसरलेल्या वस्तीचा इतिहास सविस्तर मांडला आहे. तात्पर्य, हार्लेमच्या रस्त्यावर भारतीय आडनावाचा कृष्णवर्णीय मुलगा हे कोडे नव्हते. कोडे हार्लेमबाहेर होते.

त्या कोड्याचे स्वरूप कायद्यातच दिसते. अमेरिकेच्या १९२० ते १९४० या काळातील जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश म्हणून नोंदविला जाई. माणूस धर्माने शीख असो, मुसलमान असो वा ख्रिस्ती, भारतातून आला की तो ‘हिंदू’. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना प्रवेश नाकारला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वास पात्र नाही. हे दार १९४६ पर्यंत बंद राहिले. म्हणजे नागरिकत्वाच्या कचेरीत ‘हिंदू’ हा गोरा नव्हता. दुसऱ्या बाजूस, १९३० च्या जनगणनेत गणकांना अशी सूचना होती की, निग्रो रक्ताचा अंश कितीही अल्प असला तरी त्या व्यक्तीची नोंद निग्रो म्हणूनच करावी. परंतु दक्षिणेकडील राज्यांत उपाहारगृहे, आगगाड्या आणि मैदाने यांच्यावर जे निर्बंध होते ते ‘निग्रो’ या एका शब्दाभोवती गुंफलेले होते. त्यामुळे जो गोरा नाही तो काळाच असेल असे नाही, अशी एक फट उरली.

या फटीतून जाणारे लोक होते. न्यूयॉर्कचे पाद्री जेसी रौटे हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९४७ मध्ये डोक्यास फेटा बांधून अलाबामातील मोबील या शहरी गेले आणि तेथे त्यांचा सन्मानाने पाहुणचार झाला; पूर्वीच्या फेरीत फेट्याविना त्यांना अपमान सोसावा लागला होता. दूरचित्रवाणीवर ऑर्गनवादनाने प्रसिद्धीस आलेले ‘कोर्ला पंडित’ हे नवी दिल्लीचे नसून मिसुरी राज्यात जन्मलेले जॉन रोलंड रेड होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २००१ मध्ये, जाहीरपणे उजेडात आले. ही दोन्ही उदाहरणे जाणूनबुजून घेतलेल्या सोंगाची आहेत. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचे शीर्षक मराठी वाचकास येथे आठवेल. सिदत-सिंगने मात्र काही चोरले नव्हते.

मैदानातील स्थान

न्यूयॉर्कच्या डेविट क्लिंटन शाळेत विल्मेथने नाव मिळविले ते बास्केटबॉलमध्ये. १९३४ मध्ये त्याच्या शाळेने शहराचे शालेय अजिंक्यपद मिळविले होते. १९३५ मध्ये तो बास्केटबॉलच्याच शिष्यवृत्तीवर सिराक्यूज विद्यापीठात दाखल झाला. तेथे वर्गावर्गांतील एका हौशी फुटबॉल सामन्यात त्याची फेक विद्यापीठ संघाचे साहाय्यक प्रशिक्षक रॉय सिमन्स यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी त्याला फुटबॉल संघात येण्याचा आग्रह केला. मुख्य प्रशिक्षक ऑसी सोलेम होते.

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. आज सिदत-सिंगचा उल्लेख अनेकदा ‘क्वार्टरबॅक’ असा केला जातो. तत्कालीन वृत्तांतात मात्र तो ‘हाफबॅक’ आहे. यात विसंगती नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हाताने नेता येतो आणि आक्रमणाच्या प्रत्येक डावात एकदा पुढे फेकताही येतो. समोरच्या संघाच्या अंतिम रेषेपलीकडे तो नेला वा झेलला की सहा गुणांचा ‘टचडाउन’ होतो. आज चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि पुढे काय करावयाचे हे तोच ठरवितो. १९३० च्या दशकात बहुतेक संघ ‘सिंगल विंग’ या रचनेत खेळत. त्या रचनेत क्वार्टरबॅक हा मुख्यतः वाट मोकळी करणारा धिप्पाड गडी असे. चेंडू थेट मागच्या हाफबॅककडे जाई आणि धावणे, फेकणे, वेळप्रसंगी लाथाडणे हे त्याचे काम असे. आजच्या क्वार्टरबॅकचे कार्य तेव्हा सिदत-सिंग करीत होता. संघाची बुद्धी ज्या जागी असते असे मानले जाई त्या जागी एक कृष्णवर्णीय तरुण होता, हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

वृत्तपत्रांनी त्याचे आडनाव पाहिले, वर्ण पाहिला आणि त्याला ‘हिंदू’ ठरविले. विद्यापीठाने ही समजूत दुरुस्त केली नाही. करण्यात त्याचे हित नव्हते. उत्तरेकडील विद्यापीठे आणि दक्षिणेकडील संघ यांच्यात त्या काळी एक अलिखित करार असे. त्यास मोठ्या सभ्यपणे ‘सद्गृहस्थांचा करार’ म्हटले जाई. दक्षिणेच्या संघाशी सामना असला की उत्तरेने आपला कृष्णवर्णीय खेळाडू बाहेर बसवावयाचा, असा तो करार. १९३४ मध्ये मिशिगनने जॉर्जिया टेकविरुद्ध विलिस वॉर्ड या आपल्या गुणी खेळाडूस असेच वगळले होते, आणि तो सामना मिशिगनच्या स्वतःच्या मैदानावर होता. खेळाडू ‘हिंदू’ असला तर हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

बाल्टिमोर, १९३७

मेरीलँड विद्यापीठाची तेव्हाची मनःस्थिती समजावून घेतल्याशिवाय बाल्टिमोरची घटना नीट कळत नाही. या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने डोनाल्ड गेन्स मरे या कृष्णवर्णीय पदवीधरास प्रवेश नाकारला होता. त्याचा खटला चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे तरुण सहकारी थर्गुड मार्शल यांनी चालविला आणि जानेवारी १९३६ मध्ये मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने मरेच्या बाजूने निर्णय दिला. विद्यापीठाचे अध्यक्ष हॅरी बर्ड हे पूर्वीचे फुटबॉल प्रशिक्षक आणि विलगीकरणाचे कट्टर समर्थक. वर्गखोलीत नुकतीच हार पत्करावी लागलेली ही संस्था मैदानावर माघार घेईल, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

सामन्याच्या तोंडावर ‘वॉशिंग्टन ट्रिब्यून’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात सॅम लेसी यांनी बातमी दिली की, वृत्तपत्रे ज्याला हिंदू म्हणतात तो सिराक्यूजचा खेळाडू वस्तुतः वॉशिंग्टनच्या इलायस वेब यांचा मुलगा आणि निग्रो आहे. लेसी स्वतः वॉशिंग्टनमध्ये वाढलेले. बातमी खरी होती. मेरीलँडने अट घातली की, सिदत-सिंग खेळत असेल तर सामना होणार नाही. सिराक्यूजने अट मान्य केली.

लेसी यांच्यावर तेव्हा आणि नंतरही टीका झाली. एका होतकरू तरुणाची संधी त्यांनी घालविली, असा आक्षेप होता. तो सहज टाळता येणारा नाही. बातमी न देते तर तो त्या दिवशी खेळला असता. परंतु लेसी यांच्या भूमिकेमागील तर्क समजून घेतला पाहिजे. कृष्णवर्णीय तरुण हिंदू म्हणून यशस्वी झाला तर ते यश कृष्णवर्णीयांच्या खात्यावर जमा होत नाही. उलट, ‘निग्रोस हे जमत नाही’ हा समज अबाधित राहतो. फट रुंद करण्यापेक्षा भिंत पाडावी, असा हा विचार. पुढे बेसबॉलमधील वंशबंदीविरुद्ध लेसी यांनी वर्षानुवर्षे जी लेखणी चालविली ती याच विचाराने, आणि २००३ मध्ये शंभरीच्या उंबरठ्यावर निधन होईपर्यंत त्यांच्या कार्याची थोरवी सर्वमान्य झाली होती. तरीही त्या शनिवारी त्यांच्या तत्त्वाची किंमत एकोणीस वर्षांच्या मुलाने चुकती केली, आणि त्याला कोणी विचारले नव्हते, ही बोच उरतेच. प्रस्तुत लेखकाच्या मते दोष बातमी देणाऱ्याकडे कमी आणि बातमी खरी ठरताच आपल्या खेळाडूस एकटे सोडणाऱ्या विद्यापीठाकडे अधिक जातो.

या प्रसंगाचा एक साक्षीदार विशेष महत्त्वाचा आहे. सिराक्यूजच्याच संघात मार्टी ग्लिकमन हा ज्यू खेळाडू होता. वेगवान धावपटू म्हणून तो १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी गेला होता आणि शर्यतीच्या दिवशीच सकाळी त्याला आणि सॅम स्टोलर या दुसऱ्या ज्यू धावपटूस रिले संघातून वगळण्यात आले होते. या अन्यायास जेमतेम चौदा महिने लोटले होते. वंशावरून वगळले जाणे म्हणजे काय, हे त्या खोलीत सिदत-सिंगखालोखाल त्यालाच ठाऊक होते. तो गप्प राहिला. पुढे क्रीडा-समालोचक म्हणून ख्यातनाम झालेल्या ग्लिकमनने १९९६ च्या आत्मचरित्रात या मौनाची खंत बोलून दाखविली. आपणही खेळणार नाही असे आपण म्हणू शकलो असतो, ही जाणीव त्याला जन्मभर डाचत राहिली. संघातील कोणीच बोलले नाही. विद्यार्थ्यांनी अशा प्रकारास उघड विरोध केल्याचे गाजलेले उदाहरण त्यानंतर तीन वर्षांनी, १९४० मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठात लेनर्ड बेट्सच्या निमित्ताने घडले. तेथेही सात विद्यार्थ्यांना १९४१ मध्ये निलंबित करण्यात आले आणि त्यांचा सन्मान व्हावयास २००१ साल उजाडले.

१९३८

पुढील हंगामात मेरीलँडचा संघ सिराक्यूजच्या मैदानावर आला. या वेळी सिदत-सिंग खेळला. सिराक्यूजने सामना ५३-० असा जिंकला. यावर भाष्याची आवश्यकता नाही.

१५ ऑक्टोबर १९३८ चा कॉर्नेलविरुद्धचा सामना मात्र क्रीडेच्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीचा कळस होय. सामन्याची शेवटची नऊ मिनिटे उरली असताना सिराक्यूज पिछाडीवर होते. तेवढ्या अवधीत सिदत-सिंगच्या लांब फेकींवर तीन टचडाउन झाले आणि सिराक्यूजने सामना १९-१७ असा खेचून नेला. ज्येष्ठ क्रीडालेखक ग्रँटलंड राइस यांनी या सामन्याच्या वृत्तांतात सॅमी बॉ आणि सिड लकमन या तेव्हाच्या दोन श्रेष्ठ फेकणाऱ्यांच्या संदर्भात त्याचा गौरव केला. त्या दिवशी कॉर्नेलच्या बाजूनेही जेरोम हॉलंड हा नामांकित कृष्णवर्णीय खेळाडू होता. हेच हॉलंड पुढे स्वीडनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले.

लकमनचा उल्लेख येथे सहज आला असला तरी त्याच्याशी तुलना उद्‌बोधक आहे. तोही न्यूयॉर्कच्याच शाळेतून आलेला, कोलंबिया विद्यापीठाचा हाफबॅक. दोघांनी विद्यापीठीय फुटबॉलचा निरोप एकाच सुमारास घेतला. लकमन १९३९ मध्ये शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात गेला. तेथे त्याला ‘टी’ या नव्या रचनेत क्वार्टरबॅक करण्यात आले. डिसेंबर १९४० मध्ये अंतिम सामन्यात त्याच्या संघाने ७३-० असा विजय मिळविला आणि आधुनिक क्वार्टरबॅकची भूमिका जणू त्या दिवशी सिद्ध झाली. सिदत-सिंगला त्या व्यवसायाचे दारच बंद होते. १९३४ ते १९४५ या काळात राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता, परंतु कोणी घेत नव्हते. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतल्यावर ही कोंडी फुटली. त्यानंतरही क्वार्टरबॅकची जागा ‘विचार करणाऱ्याची’ म्हणून कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ नाकारली गेली. विद्यापीठात क्वार्टरबॅक असलेल्यांना व्यावसायिक संघ दुसऱ्या जागी खेळवीत. या जागेवरील कृष्णवर्णीयास विद्यापीठीय फुटबॉलचा सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन पुरस्कार १९८९ मध्ये मिळाला, तो ह्यूस्टन विद्यापीठाच्या आंद्रे वेअरला. १९३८ पासून मोजल्यास एक्कावन वर्षे.

पदवीनंतर

१९३९ मध्ये पदवी मिळाल्यानंतर सिदत-सिंग बास्केटबॉलकडे वळला. तेथेही सारे दरवाजे उघडे नव्हते, परंतु गावोगाव फिरून खेळणारे कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र संघ होते. हार्लेमचा ‘न्यूयॉर्क रेनेसाँ’ आणि नंतर ‘वॉशिंग्टन बेअर्स’ या संघांकडून तो खेळला. काही काळ त्याने वॉशिंग्टनच्या पोलीस दलात नोकरी केली. अमेरिका महायुद्धात उतरल्यावर तो टस्कगी येथील कृष्णवर्णीय वैमानिकांच्या प्रशिक्षणात सामील झाला. लोकशाहीच्या रक्षणार्थ लढणारे हे दलही गोऱ्यांपासून वेगळे ठेवलेले होते. लष्करात तो कोणत्या वंशाचा, हा प्रश्न कोणास पडला नाही.

९ मे १९४३ रोजी मिशिगनमधील सेल्फ्रिज तळावरून सरावासाठी निघालेले त्याचे पी-४० विमान ह्यूरॉन सरोवरावर असताना निकामी झाले. त्याने हवाई छत्रीने उडी घेतली, परंतु तो सरोवरात बुडून मरण पावला. सुमारे सात आठवड्यांनी मृतदेह हाती लागला. त्याचे दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत झाले. तेव्हा त्याचे वय पंचवीस होते.

विद्यापीठांची स्मृती संथ गतीने चालते. सिराक्यूजने २००५ मध्ये त्याचा बास्केटबॉलचा १९ क्रमांकाचा अंगरखा निवृत्त करून त्याचा सन्मान केला. मेरीलँडने १९३७ च्या घटनेबद्दल त्याच्या नातलगांची जाहीर माफी मागितली ती ९ नोव्हेंबर २०१३ रोजी, सिराक्यूजविरुद्धच्याच सामन्याच्या प्रसंगी. ज्या मैदानावर ही माफी मागण्यात आली त्यास बर्ड स्टेडियम असे नाव होते. १९३७ मध्ये अध्यक्षस्थानी असलेल्या हॅरी बर्ड यांचेच ते नाव. विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये विद्यापीठाने ते काढून टाकले.